मनाचे आजार आणि आपली वाणी

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्यासपीठावरून दरवर्षी विद्वान वक्त्यांची व्याख्याने होतात. त्या मालिकेत यंदा, अवघ्या मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या व सारे आयुष्य खडूफळ्याच्या सान्निध्यात घालविलेल्या माझ्यासारख्या निवृत्त शिक्षकास मंडळाने पाचारण केले, याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. मी वैद्य नाही आणि मानसशास्त्राचा पंडित तर नाहीच नाही. मुलांना मराठीचे व्याकरण शिकविण्यात माझी पस्तीस वर्षे गेली. तेव्हा आजचा विषयही मी भाषेच्या बाजूनेच मांडणार आहे.

विषय नाजूक आहे. आपल्या सभांतून विद्यार्थी-साहाय्य, वसतिगृह, वधूवर-सूचन या प्रश्नांची भवति न भवति पुष्कळ होते. परंतु ज्या घरात कोणाचे मन आजारी आहे, त्या घराविषयी आपण सभेत कधी बोलत नाही. बोलतो ते ओसरीवर किंवा लग्नाच्या मांडवात, आणि तेही आवाज खाली आणून. भारतात २०१५-१६ साली जी राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणी झाली, तीत प्रौढांपैकी दर शंभरी दहाहून थोड्या अधिक माणसांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले. या सभागृहात जमलेल्या कुटुंबांना हा हिशेब लागू नाही, असे मानण्यास काहीही आधार नाही. सबब, जे कुजबुजत बोलले जाते ते आज येथे मोकळ्या आवाजात बोलावे, एवढीच माझी इच्छा आहे.

प्रथम आपल्या जिभेवरचे शब्द पाहू. वेडा, खुळा, भ्रमिष्ट, चक्रम, अर्धवट, डोक्याने सरकलेला, डोक्यावर परिणाम झालेला, झपाटलेला! ही यादी करावयास मला कोश उघडावा लागला नाही. कोणी विसंगत बोलला की ‘याला ठाण्याला पाठवा’ किंवा ‘येरवड्याची वाट दाखवा’ असे आपण सहज म्हणतो. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ सालचे, रत्नागिरीचे १८८६ सालचे आणि नागपूरचे तर १८६४ सालचे. आजाऱ्यांवर उपचार व्हावेत म्हणून उभ्या राहिलेल्या या वास्तूंपैकी काही गावांची नावेच आपण शिवीसारखी वापरू लागलो. नव्या पिढीने जुने शब्द टाकले, पण त्यांच्या जागी ‘मेंटल’ आणि ‘सायको’ हे शब्द आणले. शब्दाचा अंगरखा तेवढा बदलला, आतला काटा तोच राहिला.

आता कोणी म्हणेल, मास्तर, ‘वेड’ हा शब्द एवढा वाईट कसा? एखाद्याला गाण्याचे वेड असते, एखाद्याला पुस्तकांचे. आई लेकराला ‘वेड्या’ म्हणून जवळ घेते. हे अगदी खरे आहे. मी या शब्दाला भाषेतून हद्दपार करा असे म्हणावयास आलेलो नाही. आईच्या तोंडच्या ‘वेड्या’ने कोणाचे काही हिरावले जात नाही. शब्द कोणत्या वाक्यात बसतो आणि ते वाक्य ज्याच्याविषयी उच्चारले जाते त्याचे पुढे काय होते, हे पाहिले पाहिजे.

येथे मी तुम्हांस थोडे वर्गात नेतो. माणसाला ज्वर चढला तर आपण ‘त्याला ताप आला’ असे म्हणतो. ‘तिला दमा आहे’, ‘काकांना मधुमेह झाला’, ‘आजोबांना अर्धांगवायूचा झटका आला’, अशी आपली वाक्ये असतात. ती नीट पाहा. या सर्व वाक्यांत आजार हा कर्ता आहे आणि माणूस चतुर्थी विभक्तीत आहे. ताप येतो, तो माणसाकडे येतो. जो येतो तो जाऊ शकतो. न गेला तरी औषधाने आटोक्यात राहू शकतो. आजार निराळा आणि माणूस निराळा, ही गोष्ट मराठी भाषेने कोणास न सांगता वाक्याच्या रचनेतच ठेवून दिली आहे. मी तर तिला आपल्या व्याकरणातील करुणा म्हणतो.

आता दुसरे वाक्य घ्या : ‘तो वेडा आहे.’ येथे चतुर्थी नाहीशी झाली. माणूस प्रथमेत आला आणि ‘वेडा’ हे विधिविशेषण होऊन ‘आहे’ या क्रियापदाने त्याला कायमचे जोडले गेले. आजाराला येण्याजाण्यास वाट उरली नाही. ‘त्याला वेड लागले’ असे आपण म्हणतो खरे. परंतु तेथे ते ‘लागणे’ भूत लागणे आणि नजर लागणे यांच्या पंक्तीत जाऊन बसते, व घरची मंडळी डॉक्टरांऐवजी देवऋष्याचा उंबरठा झिजवू लागतात. शिवाय महिनाभरात ‘लागले’ विसरले जाते आणि ‘वेडा’ तेवढा उरतो.

यावर शंका निघेल की आपण ‘दमेकरी’ म्हणतो, ‘मधुमेही’ म्हणतो. मग ‘वेडा’ म्हटल्याने एवढे काय बिघडले? बिघडते ते असे. दमेकरी म्हटल्याने कोणी त्याची साक्ष खोटी मानीत नाही. मधुमेही माणूस रागावला तर तो रागावला असेच आपण समजतो. परंतु एकदा वेडा ठरलेला माणूस आमटीत मीठ कमी आहे असे म्हणाला, तरी ऐकणारे एकमेकांकडे सूचक दृष्टीने पाहतात. त्याचा राग हा राग राहत नाही, त्याचे रडणे हे रडणे राहत नाही, त्याची तक्रार ही तक्रार राहत नाही. सर्व काही आजाराच्या खात्यावर जमा होते. अन्य आजारांत माणसाची शक्ती जाते. या एका शब्दाने माणसाच्या बोलण्याची पत जाते. ज्याचे बोलणेच कोणी खरे धरीत नाही, त्याने आपले दुःख सांगावे कोणाला?

आपली परंपरा पूर्वीपासून अशीच होती, असेही नव्हे. चरकसंहितेच्या निदानस्थानात आणि चिकित्सास्थानात उन्मादावर स्वतंत्र अध्याय आहेत. वातज, पित्तज, कफज, सांनिपातिक व आगंतु असे त्याचे पाच प्रकार तेथे सांगितले आहेत. त्यांपैकी पाचव्यात भूतबाधेचाही समावेश होतो, हे मान्य केले पाहिजे. आणि आजच्या शास्त्राशी ती कारणमीमांसा जुळते असेही मी म्हणत नाही. परंतु उन्मादाला त्याने रोगांच्या मालिकेत स्थान दिले, त्याचे निदान व चिकित्सा सांगितली, ही दृष्टी लक्षात घेण्यासारखी आहे.

इंग्रजी अमलात १८५८ साली आणि पुन्हा १९१२ साली या विषयीचे कायदे झाले. त्यांत आजाऱ्यासाठी ‘ल्युनॅटिक’ हा शब्द होता. लॅटिनमध्ये ‘लुना’ म्हणजे चंद्र; चंद्रकलांप्रमाणे माणसाची बुद्धी फिरते, या जुन्या युरोपीय समजुतीतून तो शब्द आलेला. स्वातंत्र्यानंतरही चाळीस वर्षे तो आपल्या कायद्यात नांदत होता. १९८७ च्या कायद्याने तो काढून ‘मानसिकदृष्ट्या आजारी व्यक्ती’ असा शब्द आणला. पुढे २०१७ साली मानसिक आरोग्य सेवा कायदा झाला, आणि त्यात ‘मानसिक आजार असलेली व्यक्ती’ अशी शब्दरचना आली. ‘आजारी व्यक्ती’ आणि ‘आजार असलेली व्यक्ती’ यांत फरक तो काय, असे वरवर वाटेल. पण आपण आताच पाहिलेले व्याकरण आठवा. कायदाही शेवटी चतुर्थीकडेच वळला आहे.

नाव बदलल्याने काही घडते काय, याचा एक उत्तम दाखला जपानात मिळतो. ‘स्किझोफ्रेनिया’ हा शब्द ब्लॉयलर नावाच्या स्विस डॉक्टरांनी १९०८ साली प्रचारात आणला. ग्रीक मुळांप्रमाणे त्याचा अर्थ दुभंगलेले मन असा होतो. विचार, भावना व वर्तन यांतील सांधे निखळतात, एवढेच त्यांना म्हणावयाचे होते. लोकांनी मात्र एका देहात दोन माणसे राहतात असा त्याचा अर्थ केला. आपल्या मराठीतील ‘छिन्नमनस्कता’ हा शब्दही त्याच वळणाचा. जपानी भाषेतील नावाचा अर्थ ‘मन फाटण्याचा रोग’ असाच होता. तेथील रुग्णांच्या कुटुंबीयांच्या संघटनेने १९९३ साली विनंती केली की आमच्या मुलांना हे नाव नको. डॉक्टरांच्या परिषदेने ती विनंती मनावर घेतली आणि २००२ साली ‘एकसूत्रता ढळण्याचा विकार’ अशा अर्थाचे नवे नाव दिले. त्याआधी डॉक्टर हे नाव रुग्णासमोर उच्चारण्यास कचरत असत. सुमारे ३७ टक्के रुग्णांनाच आपल्या आजाराचे नाव सांगितले जाई. नव्या नावानंतर तीन वर्षांत ते प्रमाण सुमारे ७० टक्क्यांवर गेले. पुढे २०११ साली दक्षिण कोरियानेही नाव बदलले. त्यांच्या नव्या नावात तंतुवाद्याच्या तारा जुळविण्याची कल्पना आहे. तंबोऱ्याची तार उतरली म्हणून कोणी तंबोरा फेकून देत नाही, तो पुन्हा लावतो. हे आपल्या लोकांना निराळे समजावून सांगावयास नको.

तथापि, नावावर फार भिस्त ठेवणेही बरे नव्हे. ‘मनोरुग्ण’ हा शब्द सौम्य म्हणूनच रूढ झाला, आणि आज पोरे एकमेकांना चिडविण्यासाठी तोच वापरतात. मन मलिन असेल तर स्वच्छ शब्दही चार दिवसांत मळतो. म्हणून माझी विनंती केवळ शब्दकोश बदलण्याची नाही. वाक्य बदला, म्हणजे त्या माणसाकडे पाहण्याची तऱ्हा बदलेल.

आता या शब्दांची किंमत कोण मोजतो ते पाहू. मला ठाऊक असलेल्या एका घरातील गोष्ट आहे. गाव व नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. थोरला मुलगा महाविद्यालयात हुशार होता. विसाव्या वर्षी त्याला आवाज ऐकू येऊ लागले, झोप उडाली, शेजारी आपल्यावर पाळत ठेवतात असे वाटू लागले. तालुक्याच्या गावी मनोविकारतज्ज्ञ होते. परंतु त्यांच्या दवाखान्याच्या पायऱ्या चढताना कोणी पाहिले तर धाकट्या मुलीचे लग्न कसे जमेल, या भयाने आईवडिलांनी मुलाला तेथे नेलेच नाही. अंगारे झाले, नवस झाले, स्थळांना ‘अशक्तपणा आहे’ असे सांगून झाले. अशी तीन वर्षे गेली. अखेर दूरच्या शहरात उपचार सुरू झाले आणि मुलगा पुष्कळ सुधारला. आज तो दुकानात हिशेब लिहितो. पण ती तीन वर्षे त्याला कोण परत देणार? या आजारात उपचार जितक्या लवकर मिळतील तितका गुण अधिक येतो, असे डॉक्टर सांगतात. त्या आईवडिलांना मी दोष देत नाही. ते आजाराला भ्यालेच नव्हते. ते आपल्याला, म्हणजे ज्ञातीच्या जिभेला, भ्याले होते.

विवाह हा आपल्या ज्ञातीचा जिव्हाळ्याचा विषय, म्हणून त्याबाबत दोन शब्द स्पष्टपणे बोलतो. ‘त्यांच्या घरात वेड आहे’ या चार शब्दांनी आपण तीन पिढ्यांवर शिक्का मारतो. शास्त्र काय म्हणते? स्किझोफ्रेनिया हा आजार सर्वसाधारणपणे शंभरात सुमारे एकास होतो. आईवडिलांपैकी एकास तो असेल तर अपत्याच्या बाबतीत ही शक्यता शंभरात सुमारे दहापर्यंत जाते. ही वाढ नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्याचाच दुसरा अर्थ असा की शंभरांपैकी सुमारे नव्वद अपत्यांना तो होत नाही. आणि ज्या पुतण्यांची व भाच्यांची स्थळे आपण केवळ कुजबुजीवरून परत पाठवितो, त्यांच्या बाबतीत तर ही शक्यता याहूनही पुष्कळ कमी असते.

याचा अर्थ आजार लपवावा असा मुळीच नाही. ज्याच्याशी जन्माची गाठ बांधावयाची त्याच्यापासून महत्त्वाची गोष्ट लपविणे ही फसवणूक आहे आणि तशा विवाहास कायद्यानेही बाध येऊ शकतो. आजाराचे नाव, चालू असलेले औषध, डॉक्टरांचे मत हे सर्व समोरासमोर सांगावे, आणि ऐकणाऱ्यानेही ते विश्वासाने ऐकून आपल्यापाशी ठेवावे. लपवालपवी जन्मते ती शिक्क्याच्या भीतीतून. भीती गेली तर खरे बोलणे सोपे होईल.

१९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात विवाहाच्या पात्रतेबाबत फेफऱ्याचा, म्हणजे अपस्माराचा उल्लेख होता. तो १९९९ साली गाळला गेला. घटस्फोटाचे कारण म्हणून कुष्ठरोगाचा उल्लेख होता. तो २०१९ साली गेला. मानसिक विकाराचे कलम अद्याप आहे, परंतु त्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने १९८८ सालीच एका निवाड्यात स्पष्ट केले आहे की नुसते स्किझोफ्रेनियाचे नाव लावल्याने घटस्फोट मिळत नाही. आजाराची तीव्रता किती व त्यामुळे सहजीवन खरोखर अशक्य झाले आहे काय, हे सिद्ध करावे लागते. देशातील सर्वोच्च न्यायपीठ जो शिक्का पुरेसा मानीत नाही, तो आपण चहाच्या पेल्याबरोबर मारून मोकळे होतो!

भगिनींना तर हा शिक्का अधिक जाचतो. सासरच्या छळाविरुद्ध बोलणारी सून ‘डोक्याने बरी नाही’ असे ठरविणे सोपे असते; वाटणी मागणाऱ्या भावाला ‘भ्रमिष्ट’ म्हणणेही सोपे असते. २०१७ च्या कायद्याने येथे मोलाची तटबंदी घातली आहे. समाजाच्या रूढ नैतिक, सांस्कृतिक वा धार्मिक समजुतींशी एखाद्याचे वर्तन जुळत नाही, एवढ्यावरून त्याला मानसिक आजार आहे असे ठरविता येत नाही. पूर्वी कधी रुग्णालयात उपचार घेतले, एवढ्यावरून आज तो आजारी आहे असेही ठरत नाही. आणि आजार असला तरी, सक्षम न्यायालयाने तसे जाहीर केल्यावाचून, तो विकल मनाचा ठरत नाही. यापलीकडे २०१६ च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्यात मानसिक आजाराचाही समावेश आहे, आणि अपंग व्यक्तीचा चारचौघांत हेतुपुरस्सर पाणउतारा करणे हा त्या कायद्यान्वये तुरुंगवासाचा गुन्हा आहे.

‘पण अशा माणसांची भीती वाटते’, असे काही जण प्रांजळपणे म्हणतात. त्यांना माझे सांगणे असे की मानसिक आजार असलेली बहुसंख्य माणसे कोणाला इजा करीत नाहीत. उलट मार खाण्याची, लुबाडले जाण्याची पाळी त्यांच्यावरच अधिक येते. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे एका खाजगी आश्रयगृहास आग लागली. तेथील माणसे साखळदंडांनी बांधलेली होती. त्यांना पळता आले नाही आणि २८ जण मृत्युमुखी पडले. ज्याचे बोलणे ऐकावयाचे नाही असे आपण ठरवितो, त्याची किंकाळीही मग ऐकू येत नाही. आज साखळीने बांधण्यास कायद्याने पूर्ण मनाई आहे. ती लोखंडाची साखळी झाली. शब्दांची साखळी सोडण्याचे काम कायदा करू शकत नाही, ते आपले आहे.

आणि ते होऊ शकते, याची उदाहरणे महाराष्ट्रातच आहेत. धुळे जिल्ह्यातून कॅनडात गेलेले संख्याशास्त्राचे प्राध्यापक डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. ते दुःख झाकून न ठेवता त्यांनी पुण्यात या आजाराविषयी जागृती करणारी संस्था उभी केली. रुग्णांचे नातेवाईक तेथे एकत्र बसून मोकळेपणी बोलू लागले. त्यांच्याच पुढाकारातून २००४ साली ‘देवराई’ हा मराठी चित्रपट आला. पडद्यावर सहसा ज्याची टिंगल होते तो माणूस त्यात प्रेक्षकांनी बहिणीच्या डोळ्यांनी पाहिला. डॉ. भरत वाटवाणी यांनी रस्त्यावर भटकणाऱ्या, लोक ज्यांना दगड मारतात अशा माणसांना उचलून आणले, कर्जत येथे त्यांच्यावर उपचार केले आणि हजारो जणांना त्यांच्या घरी पोहोचविले. २०१८ साली त्यांना रेमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. औषधाने शुद्धीवर आल्यावर या माणसांना आपले नाव व गाव आठवते. रस्त्यावरच्या ‘वेड्या’ला नाव असते, गाव असते आणि वाट पाहणारी आई असते, ही गोष्ट त्यांच्या कार्याने सिद्ध केली आहे.

श्रोतेहो, नुसत्या उपदेशाने सभा संपू नये. म्हणून मंडळापुढे मी चार सूचना ठेवतो. पहिली, आपल्या वधूवर-नोंदणी पत्रकातील ‘व्यंग’ हा रकाना काढून टाकावा. आरोग्याची माहिती छापील यादीत न देता दोन कुटुंबांनी परस्परांस प्रत्यक्ष द्यावी, अशी सूचना त्या जागी छापावी. दुसरी, मंडळाच्या वैद्यकीय साहाय्य निधीतून हृदयविकारास व मूत्रपिंडाच्या विकारास जशी मदत मिळते, तशीच मनाच्या आजारासही मिळावी, आणि अर्जदाराचे नाव अहवालात छापू नये. तिसरी, आपल्या करमणुकीच्या कार्यक्रमांत वेड्याचे सोंग आणून हशा मिळविण्याची प्रथा आपण होऊन बंद करावी. चौथी, शासनाची टेलिमानस ही दूरध्वनी-सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मनाच्या त्रासाविषयी विनामूल्य बोलता येते. हा क्रमांक स्मरणिकेच्या शेवटच्या पानावर ठळक अक्षरांत छापावा. ज्याला लागेल तो कोणास न विचारता तो पाहील.

या चार सूचनांना खर्च फारसा नाही. पाचवी गोष्ट मंडळाच्या हातची नाही, ती प्रत्येकाच्या घरची आहे, आणि तिला तर खर्च मुळीच नाही. यापुढे अशा कोणाविषयी बोलावयाची वेळ आली, तर ‘तो असा आहे’ असे न म्हणता ‘त्याला अमुक त्रास होत आहे’ असे म्हणावे. त्याच्याविषयी शेजाऱ्याला विचारण्यापूर्वी त्यालाच ‘कसा आहेस?’ असे विचारावे, आणि तो जे उत्तर देईल ते खरे धरून ऐकावे. ज्ञातिसंस्था आपण कशासाठी काढली? अडचणीच्या वेळी आपले म्हणणारे चार जण असावेत यासाठीच ना? मग ज्याला सर्वांत अधिक अडचण आहे, त्यालाच आपल्या बोलण्याने आपण ज्ञातीबाहेर घालीत असू, तर ही संस्था कोणाच्या उपयोगाची?